क्रॉनिक ल्युकेमियात पुढचं सांगताना या चुका टाळा

एक रुग्ण घेऊ. वय ६८, सीएमएलचं (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं) निदान नुकतंच झालंय, प्लीहा हाताला लागत नाही, प्लेटलेट्स चार लाख, रक्तात ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी १ टक्का. निदानावेळी धोका मोजणारा सोकल स्कोअर काढला तर ०.८९ येतो, म्हणजे मध्यम धोका. तेच चार आकडे ईएलटीएस स्कोअरमध्ये घातले तर १.५४ येतो, म्हणजे कमी धोका. रुग्ण तोच, दिवस तोच, रक्ताची नळीही तीच.

गणित कुठेही चुकलेलं नाही. सोकल स्कोअर १९८४ चा. तेव्हा डॉक्टरांच्या हातात बुसल्फानसारखी औषधं होती आणि प्रश्न होता, रुग्ण एकंदर किती जगेल? ईएलटीएस २०१६ चा. तो इमॅटिनिब (सीएमएलच्या मुळावरच नेम धरणारं औषध) घेणाऱ्या २,२०५ रुग्णांवरून बेतला आणि त्याचा प्रश्न वेगळा आहे: सीएमएलमुळेच मृत्यू येण्याचा धोका किती? अडुसष्टाव्या वर्षी माणूस इतर कारणांनीही जाऊ शकतो. एकंदर आयुष्य मोजणारा स्कोअर ते सगळं वयाच्या खात्यावर टाकतो, दुसरा टाकत नाही.

म्हणून कुठलंही भाकीत हातात आलं की तीन गोष्टी आधी विचाराव्यात. हे कोणत्या दिवसापासून मोजलंय? कशाचं भाकीत आहे? कोणती औषधं घेणाऱ्यांवरून काढलंय? पुढच्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एखादा प्रश्न गाळल्यामुळे होतात. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नवे निवासी डॉक्टर आणि प्रबंधासाठी एक्सेलची फाइल उघडून बसलेले विद्यार्थी आहेत. घरात कुणाला हा आजार आहे म्हणून इंटरनेटवरचे आकडे वाचून झोप उडालेल्यांनी प्रबंधाचा भाग खुशाल सोडून द्यावा.

आणखी एक खुलासा. ‘क्रॉनिक ल्युकेमिया’ हा एक आजार नव्हे. सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) हा बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, बहुधा संथ, आणि अनेकांना वर्षानुवर्षं औषधाशिवाय ठेवता येणारा आजार. सीएमएल हा नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या बीसीआर-एबीएल या जोडजनुकाचा आजार, निदान झालं की औषध सुरूच करावं लागणारा. एकाचे आकडे दुसऱ्याला लावलेले मी पाहिले आहेत, तेही शिकलेल्या माणसांनी.

जुना आकडा, आजचा रुग्ण

राय यांनी १९७५ मध्ये सीएलएलच्या १२५ रुग्णांवरून टप्पे मांडले. त्यात शून्य टप्प्याच्या रुग्णांचा मध्यक आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) १५० महिन्यांहून जास्त होता, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचा १९ महिने. हे १९ महिने अजूनही नोट्समध्ये, स्लाइडवर, आणि मग कुणाच्या तरी नातेवाइकाच्या मोबाइलवर सापडतात. टप्पे आजही वापरतात, कारण त्यांना फक्त हात आणि साधी रक्ततपासणी लागते. पण टप्प्यासोबतचे महिने पन्नास वर्षांपूर्वीचे आहेत.

फिश, म्हणजे गुणसूत्रांतले बिघाड दाखवणाऱ्या तपासणीचंही तसंच. २००० साली ३२५ रुग्णांचा जो अभ्यास आला त्याने गुणसूत्रांच्या बिघाडांची उतरंड लावून दिली: १७पी (सतराव्या गुणसूत्राचा एक भाग) गळलेलं असेल तर मध्यक ३२ महिने, ११क्यू गळलेलं असेल तर ७९, बारावं गुणसूत्र तिप्पट असेल तर ११४, काहीच बिघाड नसेल तर १११, आणि फक्त १३क्यू गळलेलं असेल तर १३३. ही उतरंड महत्त्वाचीच. पण ती केमोथेरपीच्या काळातली आहे. सीएलएलसाठी इब्रुटिनिबला अमेरिकेत २०१४ मध्ये आणि वेनेटोक्लॅक्सला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. ही औषधं पी५३ या प्रथिनाच्या वाटेवर फारशी अवलंबून नाहीत, म्हणून १७पी गळलेल्यांचं चित्र सर्वांत जास्त बदललं. ३२ महिने हा आकडा आज कुणाला सांगणं म्हणजे रद्द झालेल्या गाडीची वेळ सांगणं.

सीएलएल-आयपीआय हा २०१६ चा निर्देशांक नवा वाटतो, तरी त्याखालचे रुग्ण मुख्यतः केमोथेरपीच्या चाचण्यांमधले आहेत. टीपी५३ मध्ये (पी५३ बनवणाऱ्या, १७पीवरच्या जनुकात) बिघाड असेल तर ४ गुण, आयजीएचव्ही (प्रतिपिंड बनवणारं जनुक) म्युटेशन नसलेलं असेल तर २, रक्तातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन लिटरला ३.५ मिलिग्रॅमहून जास्त असेल तर २, टप्पा राय १ ते ४ किंवा बिनेट (टप्प्यांची दुसरी पद्धत) बी-सी असेल तर १, वय ६५ च्या वर असेल तर १. मूळ अभ्यासात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी धोक्याच्या गटात सुमारे ९३ टक्के होतं, सर्वांत जास्त धोक्याच्या गटात सुमारे २३. रुग्णांचा क्रम लावायला हा निर्देशांक आजही कामाचा आहे. त्यातले टक्के नवी औषधं मिळणाऱ्या रुग्णाला मात्र जसेच्या तसे ऐकवू नयेत. क्रम टिकतो, टक्के शिळे होतात.

सीएमएलमध्ये तर फरक याहून मोठा. इमॅटिनिबला २००१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि आयरिस चाचणीत ते घेणाऱ्या गटातले ८३.३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. इंटरनेटवरचा सीएमएलचा आकडा २००१ च्या आधीचा आहे का, हे आधी पाहावं.

चुकीच्या दिवसाचे आकडे

सीएमएलचे सगळे जुने स्कोअर निदानाच्या दिवसासाठी आहेत. निदान म्हणजे औषधाचा पहिला दाणाही पोटात जाण्याआधी. प्रत्यक्षात काय होतं? पांढऱ्या पेशी दोन-तीन लाख असतात, कुणीतरी घाबरून हायड्रॉक्सियुरिया हे पेशी कमी करणारं औषध सुरू करतं, रुग्ण तीन आठवड्यांनी मोठ्या केंद्रात पोचतो, आणि तिथे त्या दिवसाच्या तपासणीवर स्कोअर काढला जातो.

किती फरक पडतो ते करूनच पाहू. वय ४५, प्लीहा बरगडीखाली १० सेंमी, प्लेटलेट्स ५ लाख, ब्लास्ट ४ टक्के. सोकल येतो १.३०, म्हणजे जास्त धोका. तीन आठवडे हायड्रॉक्सियुरिया घेतल्यावर समजा प्लीहा ४ सेंमी, प्लेटलेट्स ३ लाख, ब्लास्ट शून्य झाले. आता सोकल ०.७०, म्हणजे कमी धोका! आजाराचा स्वभाव बदललेला नाही, फक्त त्याच्या अंगावरची धूळ झटकली गेली. इलाज साधा आहे: पहिल्या दिवसाचा कागद शोधा. पहिल्या डॉक्टरांना फोन करा, जुनी स्लाइड मागवा. कागद नाहीच मिळाला तर ‘स्कोअर काढता आला नाही’ असं लिहा. ते लाजिरवाणं नाही, खोटा ‘कमी धोका’ लाजिरवाणा आहे.

याच टप्प्यावर आणखी तीन घोटाळे होतात. प्लीहा बरगडीच्या कडेखाली हाताने मोजायची असते, सोनोग्राफीतली एकूण लांबी नव्हे. सोनोग्राफीत प्लीहा १५ सेंमी आणि हाताला ३ सेंमी, अशा रुग्णात १५ घातले तर सोकल दीडपट होतो. ब्लास्टचं प्रमाण रक्तातलं घ्यायचं, बोनमॅरोतलं नव्हे. आणि प्लेटलेट्स हजारांत घालायच्या: साडेचार लाख म्हणजे ४५०. कुणी लाखाच्या हिशेबाने ४.५ घातले तर ईएलटीएसमधलं प्लेटलेट्सचं पद बरोब्बर दहापट होतं, एकट्यानेच स्कोअर जास्त धोक्यात नेतं, आणि चूक लगेच दिसते. सोकलमध्ये मात्र तीच चूक स्कोअर फक्त सात-आठ टक्क्यांनी खाली आणते, म्हणजे कुणाच्या लक्षातही येत नाही. आरडाओरडा करणारी चूक परवडते, गप्प बसणारी नाही.

मृत्यूचं भाकीत आणि उपचार लागण्याचं भाकीत

सीएलएलचं निदान झालेला बिनलक्षणाचा माणूस विचारतो, ‘पुढे काय?’ त्याला बहुतेक वेळा पाहिजे असतं ते ‘मला औषध कधी लागेल’ याचं उत्तर. आपण मात्र त्याला ‘किती जगाल’चा तक्ता दाखवतो.

पहिल्या प्रश्नासाठी वेगळा स्कोअर आहे. आयपीएस-ई हा २०२० चा, सुरुवातीच्या टप्प्यातल्या बिनलक्षणाच्या रुग्णांसाठीचा. त्यात तीनच गोष्टी: आयजीएचव्ही म्युटेशन नसणं, लिम्फोसाइट्स १५ हजारांच्या वर असणं, हाताला लागणाऱ्या गाठी असणं. प्रत्येकी एक गुण. पाच वर्षांत उपचार लागण्याची शक्यता शून्य गुणांवर सुमारे ८ टक्के, एक गुणावर सुमारे २८, आणि दोन-तीन गुणांवर सुमारे ६१.

पण इथे दुसरी चूक टपलेली असते. धोका जास्त आला म्हणून लगेच औषध सुरू करायचं नसतं. सीएलएल१२ चाचणीत सुरुवातीच्याच टप्प्यात इब्रुटिनिब दिलं. आजार पुढे सरकणं लांबलं, पण माणसं जास्त जगली नाहीत. जुन्या काळी क्लोरॅम्ब्युसिल ही केमोथेरपी लवकर देऊनही असंच दिसलं होतं. औषध कधी द्यायचं ते लक्षणं, घसरणारं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स, त्रास देणाऱ्या गाठी किंवा प्लीहा यांवर ठरतं. स्कोअरवरून ठरतं ते पुढची भेट तीन महिन्यांनी की वर्षाने, एवढंच.

याच जातीची एक चूक त्याही आधी होते. रक्तात बी-लिम्फोसाइट्स मायक्रोलिटरला ५ हजारांहून कमी असतील, आणि गाठी, प्लीहा, लक्षणं काहीच नसतील, तर तो सीएलएल नव्हे. त्याला एमबीएल (मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस) म्हणतात, आणि त्यातला काउंट जास्त असलेला प्रकारसुद्धा वर्षाला एक-दोन टक्के एवढ्याच गतीने उपचार लागण्यापर्यंत जातो. हा ५ हजारांचा आकडा फ्लो (पेशींचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या) तपासणीतल्या बी-पेशींचा आहे. सीबीसीमधल्या एकूण लिम्फोसाइट्सचा नव्हे. त्या घोळात कितीतरी धडधाकट माणसं ‘कॅन्सरचा पेशंट’ होऊन बसतात.

सीएलएलचा रिपोर्ट वाचताना

फिशमध्ये १७पी ठीक आहे, म्हणून टीपी५३ ठीक आहे असं समजणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. फिश जनुक गळलेलं आहे का ते दाखवतं. जनुक जागेवर आहे पण त्यात म्युटेशन आहे, हे फिशला दिसत नाही. त्यासाठी सिक्वेन्सिंगच, म्हणजे जनुक अक्षर-अक्षर वाचणारी तपासणीच लागते. दोन्हीपैकी काहीही सापडलं तरी धोका वाढतो, म्हणून निम्मी तपासणी करून ‘टीपी५३ नॉर्मल’ लिहू नये. ‘फिशमध्ये १७पी गळलेलं आढळलं नाही, सिक्वेन्सिंग केलेलं नाही’ असं लांबलचक वाक्य लिहिलेलं बरं.

याच्या उलट गोंधळ आयजीएचव्हीचा. शब्दच फसवा आहे: इथे म्युटेशन असणं चांगलं, नसणं वाईट. टीपी५३ चा नियम याच्या बरोबर उलटा. नवे विद्यार्थी एकदा तरी इथे घसरतातच. आयजीएचव्हीची सीमा ९८ टक्क्यांवर आहे: मूळ जनुकाशी साम्य ९८ टक्के किंवा जास्त असेल तर ‘म्युटेशन नसलेला’. ९७.९ आणि ९८.१ या दोन माणसांचं नशीब एका दशांशाने उलटत नाही, एवढं भान ठेवावं. शिवाय सबसेट २ नावाचा एक गट आहे, जो म्युटेशन असूनही आक्रमक वागतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचा उल्लेख असतो, आणि तळापर्यंत कुणी वाचत नाही.

यातलं काय परत तपासायचं तेही नीट कळलेलं हवं. आयजीएचव्ही बदलत नाही, एकदा केलं की झालं. फिश आणि टीपी५३ मात्र प्रत्येक नव्या उपचाराआधी पुन्हा करावे लागतात, कारण आजाराच्या वाटचालीत नवा बिघाड वर येऊ शकतो. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवर आजचं भाकीत बांधलेलं सर्रास दिसतं. आणि फिशमध्ये दोन बिघाड असतील तर उतरंडीत वरचा, म्हणजे जास्त वाईट, तो मोजायचा. १३क्यू ‘चांगलं’ असतं ते एकटं असेल तेव्हाच. पहिल्या ओळीत १३क्यू पाहून रिपोर्ट मिटला तर दुसऱ्या ओळीतलं १७पी तसंच राहून जातं.

हिमोग्लोबिन ९ आलं की टप्पा एकदम राय तीन किंवा बिनेट सी होतो. तो तसा लिहिण्याआधी हिमोग्लोबिन का घसरलं ते पाहा. लोह कमी आहे का? बी-१२? की शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतंय? सीएलएलमध्ये असा स्वप्रतिकारक रक्तक्षय अधूनमधून दिसतोच. ज्यांचा सी टप्पा अशा कारणाने आला त्यांची वाटचाल बोनमॅरो आजाराने भरल्यामुळे सी टप्प्यात गेलेल्यांपेक्षा बरी असते. रेटिक्युलोसाइट, एलडीएच, बिलिरुबिन आणि कूम्ब्स चाचणी एवढ्याने बऱ्याच वेळा उलगडा होतो.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचा सापळा मूत्रपिंडात आहे. हे प्रथिन मूत्रपिंडातून गाळलं जातं, मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साठतं. सत्तर वर्षांचा रुग्ण, राय शून्य, आयजीएचव्ही म्युटेशन असलेलं, टीपी५३ ठीक, बीटा-२ ४.२, क्रिएटिनिन वाढलेलं. सीएलएल-आयपीआयचे गुण ३, म्हणजे मध्यम धोका. त्यातले दोन गुण आजाराचे की मूत्रपिंडाचे? ते मनाने वजा करू नयेत, कारण मूत्रपिंडाचा आजारही आयुष्यावर परिणाम करतोच. पण शेजारी क्रिएटिनिन लिहून ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला आकड्याची जात कळेल.

राय आणि बिनेटच्या टप्प्यांत सीटी स्कॅनमधल्या गाठी धरायच्या नाहीत, हाताला लागतात त्याच धरायच्या. लिम्फोसाइट दुप्पट व्हायला लागणारा काळ दोन आकड्यांवरून काढू नये, मध्ये सर्दी-ताप झाला असेल किंवा स्टिरॉइड घेतलं असेल तर तो फसवतो, आणि काउंट मुळातच ३० हजारांच्या खाली असेल तर त्याला एकट्याला फार किंमत देऊ नये. इब्रुटिनिबसारखं औषध सुरू केल्यावर गाठी विरघळतात आणि काउंट मात्र चढतो, कारण पेशी गाठींतून रक्तात येतात. हा चढ कित्येक महिने टिकू शकतो. त्याला ‘आजार वाढला’ म्हणून चालतं औषध बंद केल्याची उदाहरणं आहेत.

सीएमएल: औषध सुरू झाल्यावर

इथे भाकिताची सूत्रं निदानाच्या स्कोअरकडून पीसीआरच्या, म्हणजे रक्तातलं बीसीआर-एबीएल मोजणाऱ्या तपासणीच्या टक्क्यांकडे जातात. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी १ टक्का, वर्षाने ०.१ टक्का, असे टप्पे युरोपियन ल्युकेमियानेटच्या २०२० च्या शिफारशींत आहेत. टप्पे सोपे आहेत, म्हणूनच घाईत वापरले जातात.

तिसऱ्या महिन्यात ११ टक्के आले म्हणजे औषध फसलं, असं नाही. त्याच शिफारशींनुसार तो इशारा आहे, आणि एक ते तीन महिन्यांत पुन्हा तपासून पक्का झाला तरच अपयश. तपासणीतच थोडाफार हेलकावा असतो. ९ आणि ११ मधला फरक कधी कधी फक्त नळीतला असतो.

त्याहून महत्त्वाचा असतो उतार. एका रुग्णाचा आकडा ८० वरून ९० दिवसांत २० वर आला. दुसऱ्याचा २८ वरून १४ वर. दुसऱ्याचा आकडा लहान दिसतो, पण पहिल्याचा आजार ४५ दिवसांत निम्मा होतोय आणि दुसऱ्याचा ९० दिवसांत. २०१४ मधल्या एका अभ्यासात, तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या वर असलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा आकडा ७६ दिवसांच्या आत निम्मा होत होता त्यांची पुढची वाटचाल बरीच चांगली निघाली. यात एक तांत्रिक खोच आहे. तुलनेसाठी एबीएल जनुक वापरलं असेल तर निदानावेळचे मोठे आकडे दबलेले येतात, कारण एबीएल मोजताना जोडजनुकातला तुकडाही त्यात मोजला जातो. त्या प्रयोगशाळेतला ‘८०’ प्रत्यक्षात आणखी मोठा असू शकतो.

टक्के आंतरराष्ट्रीय मापावर आहेत की नाहीत ते रिपोर्टवर शोधा. ‘आयएस’ ही दोन अक्षरं नसतील तर ०.१ टक्क्याचा नियम तिथे लागूच होत नाही. एक रिपोर्ट या प्रयोगशाळेचा, पुढचा दुसरीचा, असं करून आलेख काढला की त्यात दिसणारी चढउतार आजाराची की यंत्रांची, ते सांगता येत नाही. आणि ०.१ टक्का म्हणजे ‘माझ्या सुरुवातीच्या आकड्याचा हजारावा भाग’ नव्हे. तो एका ठरवून दिलेल्या प्रमाणित सुरुवातीपासूनचा हजारावा भाग आहे.

सर्वांत भयंकर रिपोर्ट म्हणजे अनपेक्षित ‘आढळलं नाही’. थोड्या रुग्णांमध्ये जोडजनुकाचा तुकडा नेहमीच्या प्रकाराचा नसतो, आणि नेहमीची पीसीआर तो पकडतच नाही. निदानाच्या वेळी प्रकार तपासलेला नसेल तर तिसऱ्या महिन्यातलं शून्य पाहून सगळे खूश होतात आणि आजार मागच्या दाराने वाढत राहतो. काउंट अजून वर आहे, प्लीहा अजून लागते, आणि पीसीआर शून्य? पेढे वाटायच्या आधी निदानाच्या वेळचा प्रकार शोधा. तो नोंदलेला नसेल तर गुणसूत्र तपासणी किंवा फिश करून घ्या.

आणि गोळ्या. आकडा अडकला की जनुकातल्या म्युटेशनचा शोध सुरू होतो, तो करायलाच हवा, पण त्याआधी पाकिटातल्या गोळ्या मोजा. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासात इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची नोंद ठेवणारं उपकरण लावलं होतं. ९० टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ टक्क्यापर्यंत पोचण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली, आणि ९० टक्के किंवा कमी घेणाऱ्यांत २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस ९० टक्क्यांवर येतो. एवढं मोठं अंतर पाडणारा दुसरा घटक मला सीएमएलच्या भाकितात माहीत नाही, आणि तो कुठल्याच निदान-स्कोअरमध्ये नाही. विचारताना ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारू नये, उत्तर ‘हो’च येतं. ‘गेल्या महिन्यात किती वेळा राहून गेली?’ असं विचारावं.

औषध थांबवण्याबद्दल थोडक्यात: युरो-स्की चाचणीत औषध बंद केल्यावर सहा महिन्यांनी ६१ टक्के आणि दोन वर्षांनी ५० टक्के रुग्ण आजार परत न येता होते. खोल प्रतिसाद (पीसीआरचा आकडा अगदी खाली जाणं) जितका जास्त वर्षं टिकलेला, तितकी शक्यता बरी. एकाच चांगल्या रिपोर्टवर हा निर्णय घेऊ नये.

प्रबंधासाठी मॉडेल बांधताय?

‘ज्यांना प्रतिसाद मिळाला ते जास्त जगले’ हे वाक्य निम्म्या प्रबंधांत असतं. प्रतिसाद मिळायला आधी तेवढं जगावं लागतं. दुसऱ्या महिन्यात दगावलेला रुग्ण सहाव्या महिन्यातल्या प्रतिसादाच्या गटात येऊच शकत नाही, तो आपोआप ‘प्रतिसाद नाही’मध्ये पडतो. उपाय: सहाव्या महिन्याची रेघ मारा, त्या दिवशी हयात असलेल्यांनाच घ्या, आणि घड्याळ तिथून सुरू करा. सीएलएलमध्ये तिसऱ्या वर्षी सापडलेला टीपी५३ चा बिघाड निदानाच्या रकान्यात भरणं ही याच चुकीची जुळी बहीण.

वयस्कर सीएलएल रुग्णांत ‘उपचार लागेपर्यंतचा काळ’ काढताना हृदयविकाराने गेलेल्यांना ‘पाठपुरावा संपला’ असं धरून कापलान-मायर आलेख काढतात. तो आलेख समजतो की ते हयात असते तर त्यांनाही इतरांसारखाच उपचार लागला असता. त्यामुळे उपचार लागण्याचं प्रमाण फुगतं. स्पर्धक घटना (इथे, उपचाराआधीच आलेला मृत्यू) धरून संचित प्रमाण काढा.

आयजीएचव्ही केलेल्याच रुग्णांचं मॉडेल बांधणं वरकरणी निरुपद्रवी वाटतं. पण ही तपासणी कुणाची झाली? बहुतेक ज्यांना उपचार द्यायची वेळ आली त्यांची. संथ आजाराचे लोक तपासणीशिवाय घरी आहेत. तुमच्या फाइलमधले रुग्ण मुळातच निवडक वाईट. रिकाम्या रकान्यांच्या ओळी सरसकट उडवण्याआधी त्या ओळींतली माणसं उरलेल्यांसारखीच आहेत का, तेवढं तरी पाहा.

वय ६५, बीटा-२ ३.५ अशा ठिकाणी सुरी चालवून माहितीचे दोन तुकडे करू नका, आकडा आकडाच राहू द्या. साठ रुग्ण, अकरा मृत्यू आणि नऊ घटक असलेलं मॉडेल बांधू नका, ते तुमचीच फाइल पाठ करतं. सी-इंडेक्स ०.७८ आला म्हणून हुरळू नका, तो फक्त क्रम बरोबर लागला एवढंच सांगतो. ‘७० टक्के’ म्हटलेल्यांपैकी खरंच सत्तर जगले का, हे वेगळं तपासावं लागतं, शक्यतो दुसऱ्या केंद्राच्या रुग्णांवर.

खोलीत बसून सांगताना

मध्यक सहा वर्षं म्हणजे ‘तुमच्याकडे सहा वर्षं आहेत’ नव्हे. निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते, आणि त्या नंतरच्या निम्म्यांपैकी काही फार नंतरपर्यंत होते. शिवाय पाच वर्षं आजार सांभाळून आलेल्या माणसाला निदानाच्या दिवसाचा आकडा सांगणं चुकीचंच, त्याने पाच वर्षांचा धोका मागे टाकलेला असतो. मी आकडा सांगायचाच झाला तर असा सांगतो: ‘तुमच्यासारख्या दहा जणांत पाच वर्षांनी बहुधा नऊ जण असतील, आणि हे अशा औषधांवरच्या रुग्णांवरून सांगतोय.’ काहींना आकडा नकोच असतो. तेही आधी विचारावं, काका-मावशी म्हणून घाईने पुढे रेटू नये.

आकडा आणि रुग्ण जुळत नसतील तेव्हा

कमी धोक्याचा सीएलएल, दोन वर्षं शांत, आणि अचानक एकच गाठ भराभर वाढतेय, एलडीएच चढलंय, वजन उतरतंय, ताप येतोय. अशा वेळी लोक स्कोअर पुन्हा काढायला बसतात, फिश पुन्हा पाठवतात, मूळ निदानावर शंका घेतात. यातलं काहीही आज पहिलं काम नाही. सीएलएलचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर झालंय का, हे पाहायला हवं. त्याला रिक्टर रूपांतर म्हणतात, आणि कमी धोक्याचा स्कोअर असलेल्यांतही ते होतं, जास्त धोक्याच्यांपेक्षा कमी वेळा, पण होतं. पेट स्कॅनमध्ये सर्वांत जास्त उजळलेली गाठ शोधायची आणि तिचाच तुकडा काढायचा, हाताला सहज लागते ती नव्हे. सुईने ओढलेल्या चार पेशींवर हे निदान करू नये, गाठ शक्यतो पूर्ण काढून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावी, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘सीएलएलचा जुना रुग्ण, रिक्टरची शंका’ एवढं स्पष्ट लिहावं.